बाईचं सूत

दसऱ्याला चाकाला कुंकू लावायला बाई लागते. एरवी त्याच चाकाला ती माप लावायला गेली, तर मात्र अपशकुन होतो. हा नियम कुणी केला मला माहीत नाही. पण ज्यानं केला त्यानं जन्मात एकदाही चाक काढून परत बसवलेलं नसणार, हे मी छातीठोकपणे सांगते.

मी सुताराची लेक. भोकरदनला आमच्या दारात सकाळपासून लाकूड तासायच्या वाकसाची ठकठक चालायची. बैलगाडीची चाकं हा बाबांचा हातखंडा. मला भाऊ नव्हता, आणि बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तसं मापाच्या गजावरच्या बारीक रेघा वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी माप सांगायचे, ते लाकूड तासायचे. गिऱ्हाईक दिसलं की मी आत पळायचे. माप पोरीनं घेतलंय हे कळलं असतं तर गिऱ्हाईक तसंच परत गेलं असतं. आणि गंमत म्हणजे त्या चाकांना कुणी कधी नाव ठेवलं नाही.

बाबांचं एक वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलं. "चाक खिळीवर चालत न्हाई बाई, तुंब्यावर चालतं." तुंबा म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला लाकडाचा गड्डा, ज्यातून आस जातो. सगळा भार त्यानं घ्यायचा. खिळीचं काम चाक बाहेर निसटू द्यायचं नाही, एवढंच. खिळीवर भार आला की ती तुटणार. आज नाही तर उद्या.

लग्न गावातल्याच ड्रायव्हरशी झालं. यांचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आताही घेणार नाही. हे एका शेठजींची लॉरी चालवायचे. शेठजींचा सरकीचा आणि ज्वारीचा व्यापार. भोकरदनहून माल भरायचा, केदारखेड्यावरून जालन्याला न्यायचा. वाटेत पूर्णा नदी. पूल नव्हता, उतार होता. रस्ता एकदम खाली नदीच्या पात्रात उतरायचा आणि पलीकडे तसाच वर चढायचा. पोत्यांवर वर दहा-बारा माणसं बाजाराला निघालेली असायची, ती त्या उतारावर देवाचं नाव घ्यायची. हे हसायचे. ब्रेक देवाच्या नावानं लागत नाही म्हणायचे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. लढाई नुकतीच संपली होती आणि मोटारीचा साधा नटसुद्धा मिळायची मारामार होती. शेठजींची लॉरी लढाईच्या आधीची, तिच्या मागच्या चाकांना चिरा गेलेल्या. शेठजींनी लष्कराच्या मोडीतून दुसरी चाकं आणली. ती लावून पाहिली तर बोल्टांची भोकं बराबर जुळली आणि सगळे खूश झाले. पत्रिका जुळली म्हणजे संसार जुळला, असं मानणाऱ्यांतलेच सगळे. भोकं जुळली, पण चाक जुन्या चाकापेक्षा आत बसायचं. गाडी भरली की आतल्या अंगाचा टायर कमानपाट्याला घासायचा. लोखंडाचे ते वाकवलेले पाटे गाडीचा सगळा भार पेलतात. त्यांच्यापुढे रबर काय टिकणार? हे घरी आले की यांच्या अंगाला जळक्या रबराचा वास यायचा.

शेठजींनी मिस्त्रीला बोलावलं. मोटारींचे जाणते म्हणून त्या वेळी पंचक्रोशीत त्यांचंच नाव. त्यांनी दर बोल्टावर चार-चार वायसर, म्हणजे मधे भोक असलेल्या लोखंडी टिकल्या, घातले, त्यावर चाक चढवलं आणि नट आवळले. चाक बाहेर आलं. मिस्त्री चहा पिऊन गेले.

दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि जेवता जेवता हे सहज बोलून गेले, "काल पूर्णेच्या उतारावर मागून ठकठक येऊन राह्यल्ती. खाली उतरून पाह्यलं तर दोन नट ढिल्ले. आवळले अन् गेल्तो मंग पुढं."

आणि हसले. माझा घास हातातच राहिला.

लॉरी आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभी असायची. दुसऱ्या दिवशी ती सरकीनं भरून उभी होती, बाजारासाठी. मी सरळ तिच्याखाली वाकले.  चाक आणि त्यामागचा लोखंडी तुंबा यांच्यामध्ये नुसती हवा. वायसर होते ते फक्त बोल्टांभोवती. चाकाचा गाभा तुंब्याच्या गळ्यावरून सुटला होता आणि अख्खं चाक सहा बोल्टांवर लोंबकळत होतं. नटांना बोल्टाच्या तीन आट्यांपुरतीच पकड मिळाली होती. म्हणजे चाक खिळीवर. बारा माणसं, एवढी पोती आणि माझा नवरा, सगळे खिळीवर.

शेजारीण पाण्याची घागर घेऊन चालली होती. थांबली. "अगं बाई, चाकाखाली काय हुडकून राह्यलीस?"

"माझं कुंकू," मी म्हटलं.

ती घागर सावरत निघून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की सुताराच्या पोरीला लागीर झालंय.

मी बाबांचा गेरू आणला. सुतार दोरी गेरूत बुडवून लाकडावर रेघ मारतात, तोच गेरू मी ओला करून कमानपाट्यांना फासला. यांना म्हटलं, केदारखेड्यापर्यंत जाऊन या. हे परत आले तेव्हा टायरच्या आतल्या अंगाला लाल पट्टा उठलेला. एवढे वायसर घालूनही चाक घासतच होतं. मिस्त्रींनी माप रिकाम्या गाडीवर घेतलं होतं. भरलेल्या गाडीत टायर फुगतो, पाटे दबतात. हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही, एकदा वाकून बघावं लागतं.

मी रात्रभर विचार केला असं काही सांगणार नाही. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. वायसर नकोत, चकती पाहिजे. चाक आणि तुंबा यांच्यामध्ये बसणारी अखंड लोखंडाची एक चकती. मधलं भोक तुंब्याच्या गळ्यावर असं बसावं की हातानं दाबलं तर जाईल, हातोडी लागणार नाही आणि खुळखुळणारही नाही. बाहेरच्या अंगाला चकतीला स्वतःचा गळा असावा, म्हणजे चाकाचा गाभा त्यावर टेकेल. दोन्ही अंगं सपाट. जाडी लागेल तेवढीच. चाक जितकं बाहेर जाईल तितका आसावर ताण. दोन्ही बाजूंना एकसारखी. आणि बोल्ट लांब, म्हणजे नट पूर्ण बसून वर दोन आटे दिसले पाहिजेत. भरल्या गाडीवर मी बाबांच्या गजानं माप घेतलं. जाडी आली सहा सूत.

यांना म्हटलं, "जुन्या जालन्यात लोखंड कातणारे खरादवाले चाचा आहेत ना? त्यांना सांगा, सहा सूत जाड."

हे कचरले. "शेठजीला काय सांगू?"

"सांगा की सासऱ्यांनी सांगितलं."

ते मी म्हटलं खरं, आणि आजही त्या एका वाक्याची मला लाज वाटते. बाकी कशाचीच नाही.

चकत्या आल्या. काय देखण्या होत्या! आरशासारखं तोंड दिसेल असं घोटलेलं लोखंड. यांनी त्या बसवल्या, मी पुन्हा पाट्यांना गेरू फासला, गाडी भरून केदारखेड्याला जाऊन आली. टायरवर लाल पट्टा. आधीपेक्षा बारीक, पण होता.

मग काय, तो पट्टा बघायला सगळे आमच्या दारात जमले. सासऱ्यांचं नाव कुणाला पटलंच नव्हतं. ज्याचे डोळे गेलेत तो माप काय घेणार, असं म्हणत मिस्त्री हसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाईचं सूत म्हन्जे काय, चरख्यावरचं. वढलं की लांबतं, सोडलं की आखडतं." बसलेले सगळे खदखदून हसले. शेठजीही. आणि मला सगळ्यात झोंबलं ते म्हणजे, हेही मान खाली घालून थोडंसं हसले.

मिस्त्रींनी तोडगा काढला. चकती राहू द्या, तिच्यावर एक-एक वायसर टाका, झालं काम. उद्या बाजार, माल भरलेला, गाडी निघालीच पाहिजे.

"चकतीवर वायसर नाही," मी म्हटलं. "ते पुन्हा बोल्टावरच आलं."

माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मिस्त्रींनी वायसर आणून अंधार पडायच्या आत बसवूनही टाकले.

त्या काळी लॉरी किल्लीनं चालू होत नसे. पुढून लोखंडी हॅंडल घालायचं आणि जोर लावून फिरवायचं. ते हॅंडल यांच्या सीटखाली असायचं. मी दार उघडलं, हॅंडल काढलं आणि घरात नेऊन चुलीमागे सरपणात खुपसलं.  राग आला की माझे हात एकदम शांत होतात. ही माझी जुनी खोड आहे.

सकाळी शेठजी स्वतः दारात आले. मागे मिस्त्री, त्यांच्यामागे बाजाराला निघालेली माणसं, डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या.

"हॅंडल कुठंय?" शेठजींनी यांना विचारलं. यांना खरंच माहीत नव्हतं. मी पदर खोचून बाहेर आले.

"माझ्याकडे आहे."

"दे जल्दी. येळ होऊन राह्यला."

"न्हाई देणार. ते चाक उतारावर निसटणार आहे. ते निसटेल तेव्हा सीटवर तुम्ही नसणार, हे असणार."

"तुझ्या नवऱ्याची नोकरी जाईल, समजून ऱ्हाय."

"नोकरी दुसरी मिळते, शेठजी."

कुणीतरी गर्दीत हसलं. शेठजींचा चेहरा उतरला आणि मग तापला. हे पुढे आले, माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, काय करून राह्यली तू? लोक काय म्हन्तील?"

"म्हणू द्या. लोकांच्या बोलण्यानं चाक निसटत नाही."

मग त्यांनी लॉरी ढकलून चालू करायचं ठरवलं. भरलेली लॉरी! पंधरा माणसांनी रेटली, ती वीस पावलं गेली आणि विहिरीजवळच्या चिखलात बसली. कोंबड्या ओरडायला लागल्या. दुसरं हॅंडल जालन्यातसुद्धा मिळायची मारामार होती, आणि बाजाराची वेळ तर टळलीच.

दुपारच्या प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं मी बाबांना घेऊन जालन्याला निघाले. एका हातात बाबांचा हात, दुसऱ्या हातात बाबांचा गज, आणि काखेतल्या गाठोड्यात लुगड्यात गुंडाळलेलं हॅंडल. चुलीमागे ठेवून जाण्याइतकी मी खुळी नव्हते. त्यात अजून एक गोष्ट होती. आदल्या दिवशी मी शिसवीच्या तुकड्यातून चकतीला पाहिजे त्या जाडीची एक फळी तासून काढली होती. आकड्यानं दगा दिला, आता लाकूडच बोलेल, असं मी ठरवलं होतं.

जुन्या जालन्यात आडतीच्या मागच्या गल्लीत चाचांचा खरादखाना. पट्ट्याचा फटफट आवाज, लोखंडाच्या कुरळ्या साली पायाखाली. चाचा म्हातारे, पांढरी दाढी, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, अदबीनं बाबांना विचारलं, "बोलो भाई, क्या काम पडा?"

बाबा म्हणाले, "तिला इचारा. माझे डोळे तिच्याकडं हायेत."

असं बाबा पहिल्यांदा चारचौघांत बोलले. इतकी वर्षं गिऱ्हाईक आलं की मी आत पळत होते. मला रडू आलं, ते मी गिळलं, कारण तिथं रडले असते तर मापाचं सगळं ओम् फस् झालं असतं.

मी शिसवीची फळी चाचांच्या हातात दिली. त्यांनी लोखंडी पट्टी लावली. कपाळाला आठ्या. पुन्हा लावली.

"ये तो आठ सूत है."

"सहा आहे," मी म्हटलं आणि बाबांचा गज त्यांच्या पट्टीशेजारी ठेवला.

दोघांनी, म्हणजे त्यांनी आणि मी, एकाच वेळी पाहिलं. बाबांच्या गजावर तसू असतात आणि तसूचे आठ भाग, त्या भागाला आम्ही सूत म्हणतो. चाचांच्या पट्टीवर इंच असतात, इंचाचेही आठ भाग, आणि त्यालाही ते सूतच म्हणतात. पण तसू इंचापेक्षा मोठा. शब्द एकच, रेघा वेगळ्या. बाबांचे सहा म्हणजे चाचांचे जवळजवळ आठ. इतकी वर्षं सुतार आणि खरादी एकमेकांना सूत-सूत म्हणत होते आणि दोघांना वाटत होतं की आपण एकच बोलतोय.

चाचांनी गज आणि पट्टी पुन्हा एकदा शेजारी-शेजारी धरली. मग म्हणाले, "बेटी, गलती तेरी नहीं, मेरी भी नहीं. सूत की है."

"मिस्त्री म्हणतात बाईचं सूत आखडतं."

"उसकू बोल, बाई का सूत बडा है."

आयुष्यात माझ्याविषयी इतकं चांगलं दुसरं कुणी बोललं नाही.

त्यांनी दोन दिवसांत नव्या चकत्या काढून दिल्या, अखंड, मधल्या गळ्यासकट, माझ्या फळीवर घासून घासून. बोल्ट त्यांनी मोडीतल्या लष्करी मोटारीचे दिले, लांब आणि पक्के. ते करत असताना त्यांची नजर गाठोड्याकडे गेली. "ये क्या है?" मी सांगितलं. चाचा इतके हसले की त्यांना खरादाचा पट्टा थांबवावा लागला.

आम्ही परतलो तेव्हा लॉरी विहिरीजवळून ओढून आणलेली होती आणि शेठजींचा राग थंड होऊन त्याचं गणित झालं होतं. माल पडून होता. ते म्हणाले, "लाव तुझी चकती. पन आज टायर घासला तर उद्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर. अन् केदारखेड्यापर्यंत मी सोता बसून येनार."

"मीही येणार," मी म्हटलं.

मिस्त्रींनी हात लावायला नकार दिला. हे आणि मी, दोघांनी चाकं काढली. यांनी एक शब्द विचारला नाही, एक टोमणाही मारला नाही. चकती तुंब्यावर तळहातानं दाबली आणि ती सरकत जाऊन टेकली. कड उन्हाकडे करून मी डोळा लावला. कुठंही उजेडाची रेघ नाही. समोरासमोरचे नट आवळत गेलो, म्हणजे चकती एका बाजूला कलणार नाही. प्रत्येक नटावर दोन आटे दिसत होते. पाट्यांना मी गेरू फासला, दर खेपेपेक्षा जाड.

लॉरी निघाली. पुढे हे, मधे मी, कडेला शेठजी. मी मांडीवर हॅंडल घेऊन बसले होते. मागे पोत्यांवर माणसं, त्यांत मिस्त्रीही, घासलेला टायर बघायला म्हणून आलेले. केदारखेडा मागे पडलं. रस्ता जिथं पूर्णेच्या पात्राकडे एकदम खाली वळतो, तिथं यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" शेठजी म्हणाले.

हे दार उघडून बाहेर उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उतर. एकदा बघून घे."

शेठजी आधी उतरले, मग मी. पोत्यांवरची सगळी माणसं वाकून बघत होती. मी आधी नटांवरून हात फिरवला, मग लुगडं आवरून गुडघ्यावर बसले. पाट्यांवर गेरू जसाच्या तसा, ओला होता तेव्हाचे माझ्या बोटांचे ठसे दिसत होते. टायर काळा. सगळा काळा. मी दुसऱ्या बाजूला गेले, तिथंही तेच. लगेच उभं राहता आलं असतं, पण मी मुद्दाम राहिले नाही. वाट पाहू दे म्हटलं.

"काय रे, निघायचं का?" शेठजींनी यांना विचारलं.

"तिला इचारा, शेठजी," हे म्हणाले. "गाडी तिनं बसवलीय."

वर कुणी हसलं नाही. मिस्त्री नदीकडे बघत होते. शेठजींनी रुमालानं घाम पुसला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नदीकडे पाहिलं.

"निघायचं का, बाई?"

मी हाताचा गेरू पदराला पुसला, सीटवरचं हॅंडल उचललं आणि यांच्या हातात दिलं.